जावयाची उडती फळी आणि सागाची पाचर

जावयाला धरणाच्या गाळात नाकावर रोवला तो माझ्या नवऱ्याने. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पाड्यावर अजून बायका म्हणतात की ते मीच केलं. मी केलं ते त्याच्या नंतरचं, आणि त्याबद्दल मला काडीची लाज वाटत नाही.

गेल्या भातकापणीची गोष्ट. माझी थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, सातव्यात. ती आणि जावई दोघंही समुद्रकाठच्या एका हॉटेलात कामाला. ती स्वयंपाकघरात, तो पाण्यावर. पाण्यावर म्हणजे आलेल्या लोकांना फळीवर उभं राहायला शिकवायचं आणि पडले की बाहेर काढायचं. खोडाळ्याहून जीप आली तीच मुळी टपावर भलंमोठं गाठोडं घेऊन. मला वाटलं, पाळणा आणला. मनात म्हटलं, काय ही घाई, अजून बाळ यायचंय! तर गोधडी सोडल्यावर आतून फळी निघाली. फळीच्या पोटाला एक काळा पाय, माझ्या कमरेएवढा उंच, आणि पायाच्या टोकाला विमानासारखे पंख. मोठे पुढे, छोटे मागे.

"हे काय आणलंत, पाहुणे?"

"फॉइल आहे, मामी. बोटीने ओढलं की खालचे पंख पाण्यात उचल घेतात. फळी पाण्याच्या वर येते आणि माणूस हवेतून जातो."

"बरं. आणि ते इथं कशाला?"

"भाड्याच्या खोलीत ठेवलं तर चोरीला जाईल."

मी आमच्या आजूबाजूला बघितलं. खाली भाताची खाचरं, वर नागलीचा माळ, पाण्याला चढण उतरून जायचं. चोर इथवर आला असता तर त्याला मीच आधी चहा पाजला असता. ती फळी पडवीत उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या पंखांवर बसायला लागल्या.

खरी काळजी वेगळीच होती. पोर खात नव्हती.

मी अंगणवाडी सेविका आहे. केस पिकले ते गरोदर बायकांच्या मागे "खा गं बाई, खा" करत फिरण्यातच. कुणी शेतावर लपली, कुणी नदीवर पळाली, मी तिथे डबा घेऊन हजर. माझ्या आवाजाला पोटातली पोरंसुद्धा घाबरतात असं आमची आशाताई म्हणते. आणि माझ्याच घरात माझी पोर ताटासमोर बसायची, भाताची चार शितं इकडची तिकडे करायची आणि म्हणायची, "आई, नको वाटतंय." रुसवा नाही, नखरा नाही. नुसतं नको वाटतंय. तिचे हात काटक्या झाले होते, गाल आत गेले होते. मोखाड्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आजार काही नाही, पण वजन वाढायलाच हवं, असं चालणार नाही. मला हे वाक्य पाठ आहे. हेच मी दुसऱ्यांच्या पोरींना सांगत आले. मला ठाऊक आहे पुढे काय काय होतं ते. रात्ररात्र मी कूस बदलत होते, आणि सकाळी उठून पुन्हा चूल.

नागलीची भाकरी केली, सुकटीची चटणी केली, कोंबडी कापली, खेकडे आणले, वरईचा भात केला, शेवटी लाज सोडून खोडाळ्याच्या बाजारातून नूडल्स आणल्या. ती बघायची आणि ताट सरकवायची. आता केलेलं अन्न टाकायचं कसं? ते जावयाच्या ताटात जायचं. जावयाला सासुरवाडीत वाढलेलं नाकारता येत नाही, आणि सासूला जावयाचं ताट रिकामं बघवत नाही. तो खायचा, मी वाढायची. पोर दिवसेंदिवस सुकत चालली आणि जावई फुगत चालला. त्याच्या शर्टाची गुंडी तुटून चुलीत पडली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

मग एक दिवस भात झोडताना मी पोरीला सरळ विचारलं, "बाई, तुला डोहाळे तरी कशाचे लागलेत? सांग. जव्हारहून आणू, नाशिकहून आणू."

तिने अंगावरचं तूस झटकलं. मग म्हणाली, "खायचं नाही काही. मला त्यांना पाण्यावरून उडताना बघायचंय. तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचे. मासे साफ करता करता बघायचे मी. तेव्हा भूक लागायची."

आता घ्या! कुणाला चिंच लागते, कुणाला माती. हिला लागला नवरा, आणि तोही पाण्याच्या वर हातभर.

डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते असं आमच्याकडे मानतात. अंगणवाडीत मी स्वतः ओरडून सांगते की हा सगळा वेडेपणा आहे. पण त्या दिवशी मी हातातली पेंढी खाली टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, फळी काढा. कोंबड्यांना हाकललं.

आमच्या खालच्या अंगाला छोटं धरण आहे. कापणीच्या दिवसांत ते काठोकाठ असतं. बोट कुठली मिळायला! पण धरणाच्या मातीच्या भिंतीवरून जीपचा रस्ता जातो आणि जीप चालवतो तो माझा चुलतभाऊ. मी त्याला अडवून दोर मागच्या कड्याला बांधायला सांगितला. तो म्हणाला, "बाय, ओढतो, पण गाडी रिकामी नाय हाकणार. पॅसेंजर उतरणार नाय." नको उतरू देत. पॅसेंजर मागे तोंड करून बसले. एकीच्या मांडीवर नागलीचं पोतं होतं, एकाच्या मांडीवर बोकड.

पोरीला भिंतीच्या मध्यावर झाडाखाली बसवलं. जावई पाण्यात उतरला, फळीवर चढला, दोराची मूठ धरली. जीप निघाली. फळी निघाली. जावई उभा राहिला, छान राहिला. पण वर काही येईना. फळी पाण्याला चिकटून, नाक वर करून फरफटत गेली, भिंत संपली, पॅसेंजरांनी टाळ्या वाजवल्या, बोकडवाला उतरून आपल्या पाड्याकडे चालू लागला. जावई पाण्यात थांबला. मी पोरीचा डबा उघडायला गेले तर तिने नको म्हणून मान हलवली.

जावयाने फळी उलटी करून आम्हाला समजावलं. फळीच्या पोटाला हा पाय एका चपट्या पाट्याने बसवलेला असतो, चार बोल्टवर. पाटा आणि फळी यांच्यामध्ये एक पातळ पाचर घालतात, तिला ते लोक शिम म्हणतात. पाटा मागच्या बाजूने फळीपासून थोडा लांब केला, म्हणजे पाचरेची जाड बाजू मागे घातली, की खालच्या पंखाचं तोंड वर होतं आणि फळी लवकर उचलते. जाड बाजू पुढे घातली की उलटं. "आता हिला मागे जास्त जाड शिम पाहिजे, मामा," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. का पाहिजे ते मात्र त्याने सांगितलं नाही. सांगणार कसा? म्हणजे मामीच्या जेवणावर बोट ठेवल्यासारखं झालं असतं.

माझ्या नवऱ्याने पाचर एवढाच शब्द ऐकला. त्याचे डोळे चमकले. जन्मभर त्याने नांगराला पाचरी मारल्या आहेत. नांगर वरवर घसरायला लागला, जमीन धरेना झाला, की दांडीच्या सांध्यात पाचर ठोकायची, फाळ खाली तोंड करतो आणि खोल धरतो. आता ही फळी पाण्यावरून कशी गेली? वरवर घसरत. म्हणजे दुखणं उघड होतं!

"धरत नाय ती," तो म्हणाला. "राहू द्या पाहुणे, हे आपल्या घरचं काम हाय. तुम्ही बसा, खा काय तरी."

सासऱ्याच्या हातातून हत्यार काढून घेणार कोण? "मामा म्हणतात तर..." एवढंच तो म्हणाला आणि पाण्याकडे बघत बसला. मी भाकरी वाढली. त्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाचर तयार होती, छान तासलेली, जाड बाजू पुढे. जावयाला दिसत होतं की ती उलटी आहे. सगळं दिसत होतं त्याला! तरी तो नमस्कार करून पाण्यात उतरला, फाशीला निघाल्यासारखा. जीपने ओढ दिली, फळी थोडी पुढे आली आणि मग नाकाने पाण्यात घुसली ती थेट खाली. जावयाचे दोन तळपाय तेवढे वर राहिले, गोरे, एकमेकांना चिकटलेले. दोर तटकन सुटला. जीपमधल्या बायका किंचाळल्या.

माझा नवरा काठावर कमरेवर हात ठेवून उभा. "आता धरला," तो म्हणाला. समाधानाने म्हणाला हो! मला त्या घटकेला त्याला ढकलावंसं वाटलं होतं.

जावई वर आला तेव्हा त्याच्या नाकात गाळ होता आणि तो सासऱ्याला म्हणत होता, "छान झालं, मामा, फक्त जरा जास्त झालं."

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने मत दिलं की वस्तूला नारळच फोडलेला नाही, मग ती वर कशी जाईल. नारळ फोडला. काळ्या पायाला कुंकू लावलं. सगळ्यांनी खोबरं खाल्लं, जावयाने पोरीच्या वाटणीचंही खाल्लं. तिथे माझं डोकं फिरलं.

मी अंगणवाडीत गेले, गरोदर बायकांना उभं करायचा काटा उचलला आणि धरणावर आणून जावयाच्या पुढ्यात आपटला. सरकारी वस्तू अशी बाहेर काढायची नसते हे मला कुणी सांगू नये, मला सगळं माहीत आहे.

"पाहुणे, चढा."

"मामी?"

"चढा म्हणते ना!"

तो चढला. काटा फिरला, फिरतच राहिला. जीपमधले पॅसेंजर उतरून बघायला आले. जावयाचं वजन असं चारचौघात घेणं म्हणजे काय, हे तुम्हाला आमच्याकडचं माणूसच सांगेल. माझा नवरा पाठ फिरवून उभा राहिला.

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही आल्यापासून माझ्या पोरीचं सगळं तुमच्या पोटात गेलंय. तुमचं वजन वाढलंय, म्हणून फळी वर येत नाही. आणि मामांनी पाचर उलटी घातली होती, हे तुम्हाला कळत होतं. तोंड आहे ना तुम्हाला? नुसतं खायलाच दिलंय का देवाने?"

जावई काट्यावरच उभा होता, ओल्या चड्डीत, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मला कळतंय, मामी," तो म्हणाला. "पण तुम्ही एवढ्या मनापासून वाढता. नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल. माझं रोज पोट दुखतं. ती खात नाही आणि मला तिच्यासमोर बसून खावं लागतं. तुम्हाला काय वाटतं, मला ते गोड लागतं?"

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. या माणसाला मी जेवणाखाली गाडत होते आणि तो बिचारा माझ्यासारखाच घाबरलेला होता. पण ते तोंडावर दाखवलं तर मी कसली! "उतरा खाली," मी म्हटलं, "आणि मागे किती जाड पाहिजे ते मामांना नीट सांगा. ओरडून सांगा, त्यांना कमी ऐकू येतं." त्यांना उत्तम ऐकू येतं.

नवऱ्याने नवी पाचर सागाची केली. जावयाने बोटाने दाखवलं, एवढी. पण पातळ वस्तू माझ्या नवऱ्याच्या हातून होतच नाही. आमच्या घरचं दारसुद्धा असं जाड आहे की हत्ती आला तरी बाहेर थांबेल. पाचर अंगठ्याएवढी जाड झाली. जुने बोल्ट आखूड पडले, ते जीपवाल्याने आपल्या डब्यातून लांब काढून दिले. जावई या वेळी बोलला हो. म्हणाला, "मामा, फारच जाड आहे, उडवून लावेल." माझा नवरा म्हणाला, "उडवायलाच बसवलीय ना?" आणि त्याने बोल्ट आवळले.

जीप निघाली. जावई उभा राहिला आणि फळी खरंच वर आली. नुसती वर आली नाही, बेडकासारखी उसळली. काळा पाय पंखांसकट पाण्याबाहेर दिसला, जावई आडवा झाला आणि चपराक मारल्यासारखा पाण्यावर आदळला. एवढं झटपट झालं की मी पोरीकडे बघितलं तेव्हा ती लुगड्याची सुरकुती नीट करत होती. तिने ते बघितलंच नव्हतं.

जावई काठावर आला तो मनगट धरून. बोटं हलत होती, पण मूठ वळेना. दोर धरणं संपलं. तो कण्हत म्हणाला, "मामी, एवढ्या पाचरेवर उभं राहून जमणारच नाही. कुणीतरी आडवं पडून, सगळं वजन पुढे टाकून गेलं, तर दाबून धरता येईल. पण मला तर दोरच धरता येत नाही."

पोर उठली. झाडाला हात लावून, हळूहळू. "जाऊ दे, आई," ती म्हणाली. "घरी जाऊ. मी पडते जरा."

तिने रडून म्हटलं असतं तर मी सावरले असते. तिने ते असं म्हटलं की जणू दुसऱ्याच कुणाचं काहीतरी राहिलंय. हा आवाज मी ऐकलेला आहे, दुसऱ्यांच्या घरात, आणि त्या घरांतून मी परत कशी आले ते माझं मला ठाऊक आहे.

"खाली बस," मी ओरडले. "हलायचं नाही!"

पदर खोचला, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला. नवरा म्हणाला, "येड लागलंय का?" मी म्हटलं, हो. जीपवाला खाली उतरून हात जोडायला लागला, "बाय, लोक मला बोलतील." त्याला म्हटलं, लोक मागे बसलेत, त्यांना विचार, त्यांना बघायचंय. त्यांना खरंच बघायचं होतं. नाइलाज होऊन, गाडीच पाण्यात ओढली गेली तर निदान एवढं तरी वाचेल म्हणत, त्याने आपलं भाकरीचं फडकं, टॉवेल, मोबाईल असं सगळं पोरीजवळ सांभाळायला ठेवलं आणि गाडीत जाऊन बसला.

पोहायला मला येतं. लहानपणी नदीत मासे धरण्यातच दिवस गेले. मी पाण्यात शिरले आणि फळीवर पोट टेकलं. "पुढे, मामी, अजून पुढे," जावई काठावरून सांगत होता. "वजन पुढे!" पुढे वजन देवाने मला भरपूर दिलंय, ते कधीतरी कामाला यायचंच होतं. दोन्ही हातांनी मूठ धरली, डोळे मिटले आणि आमच्या गावदेवीला म्हटलं, बये, तुझ्या डोळ्यांदेखत चाललंय हे, लक्ष असू दे.

जीप हिसडली. हनुवटी फळीवर आपटली. तोंडात पाणी, नाकात पाणी, लुगडं फाटल्यासारखा फरफर आवाज. आणि मग एकदम सगळा आवाज थांबला. मी डोळे उघडले. खाली पाणी मागे पळत होतं आणि ते मला लागत नव्हतं. हातभर खाली होतं! फळीखाली काही नाही, पोटाखाली काही नाही. आई गं! मी म्हणजे मी, पाड्यावरची एवढी मोठी बाई, हवेत. मी आनंदाने ओरडले की भीतीने, मला सांगता येणार नाही. जीपमधल्या बायका "गेली, गेली" करत होत्या. झाडासमोरून मी गेले, एवढं मला कळलं. मग बघायला म्हणून मी मान वळवली, वजन मागे गेलं आणि फळीने मला भिरकावून दिलं.

पाण्याखाली मी कुठे होते कोण जाणे. वर आले तेव्हा दोन्ही कान गच्च भरलेले, अंबाडा सुटून तोंडावर, काहीच ऐकू येईना. केस बाजूला केले आणि काठाकडे बघितलं. नवरा हात हलवत होता. जावई दुखरं मनगट धरून पाण्यात शिरत होता. आणि झाडाखाली माझी पोर अर्धवट उभी, माझ्याकडे डोळे फाडून बघत होती आणि तिचं तोंड जोरजोरात हलत होतं. मला वाटलं, ती ओरडतेय. मला शिव्या देतेय किंवा रडतेय. या अवस्थेत पोरीला घाबरवलं मी, काय बाई आहे मी! हातपाय मारत, धापा टाकत काठाला आले, चिखलातून गुडघ्यांवर वर चढले.

ती ओरडत नव्हती. चावत होती. जीपवाल्याचं फडकं सोडलेलं, त्याची सकाळची वाळलेली नागलीची भाकरी अर्धी संपलेली, मिरची दुसऱ्या हातात. आपण काय खातोय हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. नजर पाण्यावर आणि हात आपोआप तोंडाकडे. गाल दोन्ही बाजूंनी फुगलेले, ओठांना पीठ लागलेलं.

"आई," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "परत एकदा. परत जा ना."

माझे दात वाजत होते. डोळ्यांतून काय येत होतं ते धरणाचं पाणी आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

"आधी तोंडातला घास गिळ," मी म्हटलं.